ही बाई कोण?

“…ता माका दिसता रे. पण ही बाई कोण?”

गुणाजीआबांनी हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हर्षदनं लॅपटॉपवरचं चित्र थांबवलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसलं नसावं. त्यानं पडदा थोडा त्यांच्या बाजूला वळवला.

“नायिका आहे, आबा. आपली मराठी बाई.”

“मराठी असा, ता कळला. नऊवारी नेसली हा. नथ घातली हा. मागे गड असा, वर झेंडो असा, नगारो वाजता हा…” आबा पडद्याजवळ वाकले. “पण कोण ती?”

हर्षद गप्प बसला.

तसा तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. पुण्यात त्याचा स्वतःचा ॲनिमेशन स्टुडिओ होता, चांगली पन्नासेक माणसं हाताखाली होती. कित्येक वर्षं त्यांनी परक्या कंपन्यांचे ससे पळवले, परक्यांची अस्वलं नाचवली. ससे जगभर गाजले. ते पुण्यात पळायला शिकले, हे मात्र कुणाच्या कानावर गेलं नाही. मग एके दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, बस झालं, आता आपला सिनेमा करायचा. आपल्या मातीतला.

झपाटल्यासारखं काम करून त्यांनी त्याचा पहिला तुकडा तयार केला. मुंबईत एका वाहिनीच्या निवड मंडळानं तो पाहिला. मंडळातल्या बाई गोड हसून म्हणाल्या, “फार देखणं आहे. पण अशा नथी आम्ही या आठवड्यात पुष्कळ पाहिल्या. यात तुमचं काय?”

पुढच्या महिन्यात परदेशात ॲनिमेशनचा मोठा मेळा भरणार होता. त्याआधी मंडळ तुकडा आणखी एकदा पाहणार होतं. पसंत पडला तर सिनेमा. नाही तर पुन्हा ससे.

हर्षद त्या बैठकीतून तडक उठला आणि गाडी काढून कुडाळच्या पुढे, आबांच्या वाडीवर आला. सल्ला मागायला नव्हे. त्याला आबांचं एक वाक्य हवं होतं, कॅमेऱ्यासमोर. गुणाजीआबा म्हणजे काळसूत्री बाहुल्यांतला शेवटचा शब्द. काळ्या दोऱ्यांवर लाकडाला रडवणारा माणूस. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत हर्षद इथेच त्यांच्या पायाशी बसून दोरे धरायला शिकला होता. आबांनी नुसतं म्हणायचं होतं, ‘ह्या आपला असा.’ पुढे कोण कशाला शंका काढतो?

आणि आबा विचारत होते, ही बाई कोण.

“आबा,” हर्षद जरा कडकच बोलला, “नथ, नऊवारी, गड… हे आपलं नाही का?”

आबा उठले. आत जाऊन एक बाहुली घेऊन आले. हिरवं लुगडं, लाल चोळी, अंबाड्यावर कागदाचा गजरा, नाकात इवलीशी नथ. पडवीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तिची नथ काढली. मग गजरा. मग चोळी. मग लुगडं सोडून, घडी घालून बाजूला ठेवलं.

उरलं लाकूड. धड, मान, दोन हात. पाय नव्हतेच. लुगड्याआड ते कधी कुणाला लागलेच नव्हते.

दोऱ्यांची काठी त्यांनी हर्षदच्या हातात दिली.

“आता हिका आपली कर.”

“अशी? उघडी?”

“तुझी ती नेसलेली असूनय आपली होणा नाय… ही बघ होता काय.”

अंगणात आबांची सून पारू आणि शेजारची चंद्राक्का कोकमासाठी विळीवर रातांबे फोडत बसल्या होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत लालभडक. आबांनी त्यांना हाक मारली.

“गे, हंय बघा. ही कोण ता सांगा.”

हर्षदनं मनगट सैल केलं. दोरे ओळखीचे वाटले, बोटांना जागा आठवल्या. त्यानं बाहुली उभी केली आणि चालवली. स्टुडिओत नव्या मुलांना तो जसं शिकवायचा तसंच. आधी वजन एका अंगाला, मग दुसऱ्या. मान किंचित मागे. श्वास. त्याची ती चाल बघायला बाहेरगावाहून माणसं यायची.

चंद्राक्कानं डोळे बारीक केले. “आजारी असा काय गे?”

“नाय,” पारू म्हणाली. “टीव्हीतली बाई असात ती. ती अशीच चालता.”

आबा हसले नाहीत. हर्षदचे कान तापले.

त्यानं बाहुलीला नमस्कार करायला लावला. मग पाणी शेंदायला लावलं. मग तिच्याकडून फुगडी घालून घेतली. फुगडी अवघड असते, एकटीची तर फारच.

“पंखो,” चंद्राक्का म्हणाली. “बिघडलेलो पंखो.”

पारूला इतकं हसू आलं की हातातला रातांबा निसटून कोंबड्यांत गेला.

हर्षदनं तलवार उपसल्यासारखा एक हात वर नेला. मान ताठ. नगारा मनातल्या मनात वाजवला.

“बसवालो!” पारू ओरडली. “बस थांबयता हा!”

आता तर आबांनीही पंचा तोंडाला लावला.

हर्षदनं काठी कट्ट्यावर ठेवली. बोटं भरून आली होती, सदरा पाठीला चिकटला होता. पुण्यात त्याच्या कामाला असं कुणी हसलं नव्हतं. हसणाऱ्याला त्यानं कामावर ठेवलंही नसतं.

“माका जमत नाय,” तो म्हणाला. आणि आपण काय बोललो, कोणत्या बोलीत बोललो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“जेवलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“सकाळपासून?”

“वेळ नाही झाला.”

“तुझी ती घाटावरची काकी असती…” आबा म्हणाले.

येसूकाकी, हर्षदच्या चुलत्याची बायको, जिच्या गोष्टी तो सुट्टीत आबांना सांगायचा. हर्षदला हसूच फुटलं. काकी असती तर आधी शिव्या बसल्या असत्या. ही काय वेळ झाली यायची? कळवता येत नाही? चूल विझवून बसले मी! एक हात कमरेवर, तोंड भिंतीकडे, जणू पाहुणा नव्हे, शत्रूच दारात उभा आहे. आणि तोंड भिंतीकडे असतानाच दुसरा हात पाठीमागून हळूच हलायचा… ये. ये आत. वाढते.

तो हात फक्त पोरांनाच दिसायचा. मोठ्यांना वाटायचं, बाई फटकळ आहे.

हर्षदनं काठी उचलली. का उचलली, हे त्यानं ठरवलं नव्हतं.

बाहुली उभी राहिली. तिला कुणाची तरी चाहूल लागली. तिनं मान उंचावून पाहिलं… आणि ओळख पटताच गर्रकन तोंड फिरवलं. एक हात कमरेवर गेला. खांदा उडाला. मान अशी झटकली की तोंडातली शिवी ऐकू यावी.

आणि दुसरा हात, मागच्या मागे, हळूच हलला.

ये.

अंगणातला विळीचा आवाज थांबला.

“गो बाय माझे!” चंद्राक्कानं लाल हात तसाच गालाला लावला. “ही तर आमची आवस, आमची आई!”

“तुमची आवस खंयची?” पारू उठून उभी राहिली. “ही माझी सासू! हुबेहूब! मिया लगीन होऊन इलंय, तेव्हा दारात अशीच उभी रवली होती. माका वाटला, हिका मी आवडलंय नाय. मगे बघतंय तर हात…”

तिला पुढे बोलता येईना. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. रातांब्याचा रंग तोंडभर झाला.

आबांनाही आपली बायको दिसली; ते नुसतं “होय” म्हणाले. मग खालच्या आवाजात आणखी एकदा, “होय.”

हर्षद बाहुलीकडे बघत राहिला. त्या दोघींनी त्याच्या काकीला जन्मात पाहिलं नव्हतं.

मग तो भानावर आला, आणि भानावर आला तो थेट स्टुडिओचा मालक होऊनच. “कळलं, आबा! मला सगळं कळलं. म्हणजे नथ, नऊवारी, हे वरवरचं आहे. खरं मराठीपण आहे ते हालचालीत. हा नियमच आहे. मी उद्याच्या उद्या मुलांना बसवून सांगतो की यापुढे एकाही पात्राला…”

“अरे मेल्या,” आबा म्हणाले, “बायल माणूस कधीपासून उघडा उभा असा. ता लुगडा दी आधी.”

हर्षदनं मुकाट्यानं लुगड्याची घडी पुढे केली. आबा बाहुलीला नेसवू लागले. निऱ्या जमेनात, पुन्हा सोडल्या, पुन्हा घातल्या. सावकाश, मायेनं. नथ घालताना तर त्यांनी श्वासही रोखला.

हर्षदचा नियम तोंडातल्या तोंडात विरघळला.

तो अंगणाच्या टोकाला गेला. तिथे मोबाईलला रेंज यायची. त्यानं स्टुडिओत रेवतीला फोन लावला. रेवती त्याचा उजवा हात होती आणि तिच्या मतापुढे तोही जपून असायचा.

“रेवती, सुरुवातीचा गड काढ.”

“काय?”

“गड, झेंडा, नगारा. सगळं काढ.”

“सर, त्या गडावर मुलांनी रात्रीचे दिवस केलेत!”

“माहीत आहे. पुढे कुठं लागला तर वापरू. सुरुवातीला फक्त एक दार हवं. आणि दारात ती उभी.”

“ती म्हणजे कोण?”

हर्षद हसला. “माझी काकी.”

“सर, तुम्ही जेवलात का?”

“आता जेवणार आहे. ऐक तू.” आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. फिरवलेलं तोंड, कमरेवरचा हात, मागच्या मागे हलणारा दुसरा. सांगताना तो स्वतःच दारात उभा असल्यासारखा करून दाखवत होता. फोनवर ते दिसणार नव्हतं तरी. पारू आणि चंद्राक्का पुन्हा हसायला लागल्या.

रेवती हसली नाही. पण तिनं कागद ओढल्याचा आवाज आला. पेन्सिल चालू झाल्याचाही. मुलगी चित्र काढायला लागली, म्हणजे निम्मं काम झालं, हे हर्षदला ठाऊक होतं.

मग पेन्सिल थांबली.

“मस्त आहे, सर. मला माझी आत्याच दिसली. पण मेळ्यात कोण कोण असणार! कुठल्या कुठल्या देशांची माणसं. त्यांना निदान नथ बघून कळलं असतं की हे भारतातलं काहीतरी आहे. तुमची ती काकी त्यांना काय कळणार?”

हर्षदनं फोनचा आवाज मोठा केला, पडवीत येऊन तो आबांपुढे धरला आणि तिला म्हणाला, “पुन्हा विचार. गुरुजींना विचार.”

रेवतीनं अदबीनं पुन्हा विचारलं, “आजोबा, परदेशातल्या लोकांना सरांची काकी कशी कळणार?”

बाहुलीचा पदर आबांनी नीट केला होता. तिला त्यांनी अलगद कट्ट्यावर टेकवली आणि फोनशी तोंड नेलं.

“कित्याक गे? तेंच्याकडे काकी नसतत?”