बुधवारचा नळ

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. वार बुधवार.

“तर मग बाबा, दवाखाना बंद केलेलाच बरा ना? तुम्हीच सांगा.”

विचारणारी होती मंजिरी गव्हाणे. नगरपरिषदेची आरोग्य सभापती. वय एकतीस, शिक्षण एम.ए., आणि एकदा बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला जागा मिळत नसे.

विचारलं होतं गुलाबशाबाबांना. टेकडीपेठेच्या चढावर, लिंबाखाली, तकियात, म्हणजे पत्र्याच्या खोपटात, राहणारे म्हातारे फकीर. पेठेत कुणाचंही लेकरू रडायचं थांबेना की बाबांपाशी आणायचे. मंजिरीलाही तिच्या आईने कधीकाळी इथंच आणलं होतं.

आज मात्र ती त्यासाठी आली नव्हती. दुपारी एक वाजता सभा होती. पेठ बाबांचं ऐकते. बाबांनी मान डोलावली की मोर्चा निघणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबा गोधडीला ठिगळ लावत बसले होते.

“कुठला दवाखाना?”

“हा काय, समोरचाच. एक खोली, एक सिस्टर. दर बुधवारी लसीकरण, दहा ते बारा. सभापती झाल्यापासूनचं सगळं रजिस्टर काढलं मी, बाबा. सहा महिन्यांचं. एका बुधवारी तीन लेकरं, एका बुधवारी दोन. गेल्या बुधवारी तर एक!”

“एक...”

“आणि मी नुसतं कागद बघून बोलत नाही. ओळीने तीन बुधवार स्वतः खुर्ची टाकून बसले तिथं. खाली स्टँडच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. ही सिस्टर तिकडे दिली तर कामाला येईल. आणि या खोलीत पोरांसाठी अभ्यासिका करू. टेबलं, पंखे, सगळं. यात वाईट काय आहे?”

“वाईट काही नाही.”

“मग झालं तर!”

बाबांनी दोरा दाताने तोडला.

मंजिरीला गप्प बसणं जमेना.

“खरं सांगू का, बाबा? इथल्या बायांना लसीचं महत्त्वच कळत नाही. आपलंच लेकरू, पण दहा पावलं चालवत नाही त्यांच्याने.”

बाबा हळूच उठले. कोपऱ्यातली स्टीलची कळशी घेतली आणि तिच्यापुढे ठेवली.

“घरात प्यायला पाणी नाही, बेटी. एवढी भरून आण. मग सांगतो.”

“गाडीत बाटली आहे, ती देते ना.”

“नळाचं आण.”

“बरं, ड्रायव्हरला पाठवते.”

“तूच आण...”

बाबा पुन्हा गोधडीला लागले.

मंजिरीने कळशी उचलली. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. पाच मिनिटांचं तर काम.

नळ रस्त्याच्या अलीकडेच, दवाखान्याच्या अगदी समोर होता. नळापासून मागे हंड्यांची रांग लागली होती. हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे. माणसं मात्र चारच. बाकीच्या बाया आपापल्या घरात स्वयंपाकाला लागल्या होत्या.

मंजिरीने कळशी रांगेच्या शेवटी ठेवली आणि परत वळली.

“ओ मॅडम, चाललात कुठं?” एक जाडजूड बाई ओरडली. तिला सगळे पारूकाकी म्हणत.

“नंबर लावलाय ना मी.”

“आता लावलाय, बरोबर. पण पाणी दहाला येतं. नळ येईपर्यंत हंडा एकटा उभा राहिला तरी चालतं. नळ आला की हंड्याजवळ माणूस पाहिजे. नाहीतर हंडा उचलायचा आणि बाजूला सारायचा. मग तो कुणाचा का असेना.”

“सभापतीचा असला तरी?” दुसरीने विचारलं.

“सभापतीचा असला तर जरा हळू सारू.”

हशा पिकला. तेवढ्यात दहा वाजले, नळाने दोन उचक्या दिल्या आणि धार लागली. कुठूनकुठून बाया धावत आल्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या कडेवर पोर. प्रत्येक हंड्यामागे एकेक माणूस उभं राहिलं.

मंजिरीही कळशीमागे उभी राहिली.

“मॅडम, फोटोवाला कुठंय?” पारूकाकीने परत छेडलं.

“फोटो नाही काढायचा.”

“मग कळशी कशाला आणली? बोर्डावरच्या फोटोत तुम्ही लई गोऱ्या दिसता हो. उन्हात उभ्या राहू नका, ओळखायचं नाही कुणी.”

मंजिरी कसनुशी हसली. धार बोटाएवढी बारीक होती. एका हंड्याला चांगली पाच मिनिटं लागत होती.

तिच्या पुढे एक पोरसवदा आई उभी होती. चांदणी तिचं नाव. कडेवर साडेदहा महिन्यांची मुलगी, डोक्याला लाल टोपी. चांदणी दर थोड्या वेळाने मुलीच्या कानामागे बघायची, मग पोटावरचं झबलं वर करून बघायची, मग कपाळाला हात लावायची.

“काय बघतेस गं सारखी?”

“पुरळ... मागच्या आळीत दोन घरी गोवर निघालाय, ताई. हिचं नववा महिना भरल्यावरचं इंजेक्शन राहिलंय. रात्री कूस बदलली तरी मला वाटतं, अंग तापलं की काय.”

“अगं, मग घेत का नाहीस? तो काय दवाखाना! समोर तर आहे.”

चांदणीने तिच्याकडे बघितलं. मग दवाखान्याकडे बघितलं. हिरवा पडदा, पडद्याआड टेबल, टेबलाशी एकटी बसलेली सिस्टर. सगळं स्पष्ट दिसत होतं.

“आज बुधवार आहे ना, ताई.”

“तेच तर म्हणते मी. बुधवारीच असतं.”

“नळपण बुधवारीच असतो.”

मंजिरीने रांगेकडे बघितलं.

“नळ जाईस्तोवर बारा वाजतात,” चांदणी सांगू लागली. “बाराच्या ठोक्याला सिस्टर बर्फाचा डबा बंद करून खाली जातात. दोनदा मी धावत गेले, दोन्ही वेळा कुलूप. नंबर सोडून जावं तर शनिवारपर्यंत घरात थेंब नाही. सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचे कपडे, हिचे कपडे... एकदा खाली स्टँडच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. तर म्हणाले, तुमची पेठ वरची, वरच घ्या.”

“आधी मंगळवारी यायचं पाणी,” पारूकाकी म्हणाली. “तेव्हा कसं, मंगळवारी पाणी, बुधवारी दवाखाना. एप्रिलात कुणा शहाण्याने वार बदलला, देव जाणे!”

मंजिरीने मान खाली घातली.

एप्रिलची सभा तिला आठवत होती. तिची पहिलीच सभा. विषय क्रमांक अकरा, टेकडीपेठेच्या पाण्याचा वार बदलणे. तेव्हा ती शेजारी बसलेल्या सदस्येशी सत्काराच्या फोटोंबद्दल बोलत होती. सगळ्यांचे हात वर गेले तसा तिचाही गेला होता.

आणि दवाखान्यात बसलेले ते तीन बुधवार... तिथल्या खिडकीतून ही रांग दिसायची. तिने प्रस्तावाखाली शेरासुद्धा लिहिला होता. ‘महिला समोरच रिकाम्या उभ्या असतात, तरीही येत नाहीत.’

ऊन चढलं. लाल टोपीतली मुलगी किरकिरायला लागली. चांदणीने तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मंजिरीचा फोन वाजला. नगरपरिषदेतले लिपिक बोराडे होते.

“मॅडम, मी दवाखान्यात येऊन बसलोय. आजच्या रजिस्टरवर तुमची तपासणीची सही पाहिजे. ती घेतली की प्रस्ताव टाईपाला देतो.”

मंजिरीने समोर बघितलं. हिरव्या पडद्याजवळ बोराडे फोन कानाला लावून उभे होते. मध्ये फक्त रस्ता.

“बोराडे, थोडं थांबा.”

“थांबून कसं चालेल, मॅडम? एक वाजता सभा. या ना, दोन मिनिटांचं काम.”

तिच्या पुढे आता दोनच हंडे होते. तिने एक पाऊल रांगेबाहेर टाकलं. मागच्या बाईने लगेच आपला डबा पुढे सरकवला. डबा कळशीला खणकन लागला.

मंजिरीने पाऊल मागे घेतलं.

“नाही येता येणार, बोराडे.”

“का बरं? आहात कुठं तुम्ही?”

“नळ आलाय... नंबर जाईल माझा.”

पारूकाकीने वळून तिच्याकडे बघितलं.

“बरं,” बोराडे म्हणाले. त्यांना रोजच्या कामाची घाई होती. “मग आजच्या सहीच्या रकान्यात काय लिहू? ‘आल्या नाहीत’ असं लिहू का?”

मंजिरीने फोन कानावरून खाली घेतला.

थोड्या वेळाने चांदणीचा हंडा भरला. तो उचलताना तिच्या कडेवरची मुलगी घसरायला लागली, तशी मंजिरीने पटकन तिला घेतलं. लेकराच्या मानेचा घाम तिच्या दंडाला लागला. तापाचा होता की उन्हाचा, काही कळेना. तिनेही नकळत मुलीच्या कानामागे बघितलं.

“काही नाही ना, ताई?” चांदणीने घाबरून विचारलं.

“नाही... काही नाही दिसत.”

चांदणीने भरलेला हंडा बाजूला ठेवला, मुलीला परत घेतलं आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. एका हंड्यात शनिवार निघत नाही.

साडेअकराला मंजिरी तकियात आली. पदर ओला, पायात चिखल, कळशी काठोकाठ भरलेली. ती बाबांपुढे ठेवली आणि जमिनीवरच बसली.

बाबा ओंजळभर पाणी प्यायले. तोंड पुसलं.

“हं. आता विचार, काय विचारत होतीस?”

लिंबाची दोन पानं कळशीत पडली. बाबांनी ती बोटाने काढली.

“बाबा, मी बंद करायला निघाले होते...”

बाबा ऐकत राहिले.

“तीन बुधवार बसले मी तिथं. डोळे उघडे ठेवून बसले. मला वाटलं, कुणी येत नाही म्हणजे कुणाला नको आहे.”

बाबांनी कळशीवर ताटली झाकली.

“पाण्याचा वारसुद्धा मीच बदलला. माझा हात होता त्यात. आता सभेत काय तोंडाने बोलू? काय सांगू त्यांना? तुम्ही सांगा, तसं सांगते.”

“सभा कितीला?”

“एकला.”

“आणि आत्ता किती झाले?”

“अकरा पस्तीस.”

“सिस्टर गेली?”

मंजिरीने वळून बघितलं. हिरवा पडदा वाऱ्याने हलत होता. सिस्टर टेबलाशी बसली होती. रस्त्याच्या अलीकडे रांग तशीच होती, आणि रांगेच्या शेवटी लाल टोपी.

“नाही गेली. बाराला जाईल.”

बाबांनी गोधडीतून सुई काढली, पत्र्याला खोचून ठेवली. मग काठीने नळाकडे दाखवलं.

“मग इथं कशाला बसलीस, बेटी? जा, नळावर सांग, हंड्यांजवळ सभापती उभी आहे, कुणाचा नंबर जायचा नाही. कडेवर लेकरू असलेलीने आधी समोरच्या दारात जावं... आणि मागच्या आळीपर्यंत कळवा म्हणावं, एकीने दुसरीला सांगा.”