हरिणीचे कान

एका डोंगरातल्या वाकड्या घळीत एक हरिणी आपल्या नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला जाळीत लपवून राहत असे. तिथून बाहेरचे काहीच दिसत नसे, म्हणून तिचा जीव सदा टांगणीला. घळीच्या खालच्या तोंडाशी वानर आणि वरच्या तोंडाशी मोर तिच्यासाठी पहारा करत. दोघेही मोठे सभ्य. दुसरा बोलत असताना आपण मध्ये तोंड घालायचे नाही, हा त्यांचा नियम. मुलांनो, नियम चांगलाच होता. पण घळ इतकी लांब आणि वाकडी, की त्या दोघांना एकमेकांचा आवाजच ऐकू येत नसे. मधल्या हरिणीला मात्र दोघेही ऐकू येत.

एका संध्याकाळी खालच्या वाटेवर बिबट्या दिसला. वानराने कान दिला. सगळे शांत होते. तो जिवाच्या आकांताने ओरडू लागला. नेमके त्याच वेळी मोरानेही कान दिला, त्यालाही सगळे शांत वाटले, आणि वर कोवळे गवत आल्याची बातमी तो ऐटीत सांगू लागला. हरिणीच्या कानी आला नुसता गलका! दमून दोघे थांबत, पण पुन्हा कान देऊन, शांत वाटताच दोघे एकदमच ओरडू लागत. हरिणीच्या काळजाचे पाणी पाणी झाले. संकट आहे का? असले तर कोणत्या बाजूने? पळावे तर वाट चुकेल, ओरडावे तर लपायची जागा कळेल. पाडस तिच्या पोटाला बिलगून थरथरत होते.

वानर उगाच कधी ओरडत नसे, एवढे तिला आठवले. भीती गिळून ती ओरडली, "मोरभाऊ, तुम्ही गप्प बसा! वानरदादा, तुम्ही बोला!"

आणखी कोणी बोलत होते, हे मोराला तेव्हा कुठे कळले. तो चटकन गप्प झाला.

"बिबट्या! खालून येतोय! वर पळ!" वानराचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला. तिने पाडसाला नाकाने ढोसत वरची वाट धरली. बिबट्या जाळीत शिरला, तेव्हा तिथले गवत अजून ऊबदार होते.

वर पोहोचल्यावर हरिणी पाडसाला चाटू लागली. मोर खजील होऊन म्हणाला, "ताई, मी तर कान देऊनच बोललो होतो गं!"

"तुमचा कान दिलात, भाऊ," हरिणी म्हणाली. "पण ऐकायचे मला होते. मला एकदा विचारले असते तर?"

तात्पर्य : आपल्याला शांत वाटले म्हणून ऐकणाऱ्याचे कान मोकळे असतातच असे नाही, बोलण्याआधी त्यालाच विचारावे.