ताकदीच्या गोळ्या

"दयेपोटी बोललेलं खोटं, तेही खोटंच का हो, भंते?"

रविवारची वंदना आटोपली होती. एका सुरात पंचशील म्हणून लोक आपापल्या घरी गेले होते. विहारात उरले होते म्हातारे भंते आणि तायडे गुरुजी. प्रश्न विचारून गुरुजी ताठ बसले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि आपलं चुकत असेल असं त्यांना सहसा वाटत नसे.

"कोणाशी बोललात?"

"विशाखाशी."

विशाखा त्यांची भाची. तिचे आईबाप एचआयव्हीने गेले, आणि जाताना तोच आजार लेकीच्या रक्तात ठेवून गेले. औषध रोज चालू होतं. आजाराचं नाव मात्र गुरुजींनी तिच्या कानावर पडू दिलं नव्हतं.

"ताकदीच्या गोळ्या म्हणून देतो. दवाखान्यातून आणल्या की टॉनिकच्या बाटलीत भरतो आणि तिच्या हातात ठेवतो. सकाळची माझ्यासमोर घेते, दुपारची शाळेत. तिथल्या ताई म्हणतात, पोर मोठी झाली, आता तिला सांगा. मी म्हटलं, माझी भाची मला कळते! इतकी वर्षं तिला ताकास तूर लागू दिली नाही."



गुरुजींचा आवाज उतरला. "पण हल्ली ती धड जेवत नाही. मैत्रिणी तोडल्या. भिंतीकडे तोंड करून पडून असते. परवा म्हणाली, मामा, मी मोठी होऊन काय करू?... तिच्या रक्षणासाठी परित्राणाचा धागा बांधा, भंते. मला भीती वाटते."

त्यांनी पिशवीतून टॉनिकची बाटली काढून पुढे ठेवली. गोळ्यांनाही आशीर्वाद मिळावा म्हणून सकाळी ती पोरीच्या दप्तरातून काढून आणली होती.

भंतेंनी बाटली कानाशी नेऊन हलवली.

आवाज आला नाही.

"रिकामी आहे?"

"छे! परवाच भरली."

भंतेंनी झाकण उघडलं. आत गोळ्यांवर कापूस गच्च दाबून बसवला होता.

"हा तुम्ही घातला?"

"नाही..."

गुरुजी कापसाकडे बघत राहिले. वर्गात दप्तर हललं तरी गोळ्या खुळखुळू नयेत, एवढ्यासाठीच तो होता. ताकदीच्या गोळ्या कोण कशाला लपवेल? पोरीला सगळं कळलं होतं. मामाला वाईट वाटू नये म्हणून ती रोज त्याच्यासमोर मुकाट्याने ताकदीची गोळी घेत होती, आणि पुढचं सगळं एकटीच सोसत होती.

"तिला केव्हापासून ठाऊक आहे, भंते? तुमच्याकडे काही बोलली?"

"नाही."

"मग..."

भंतेंनी झाकण लावलं. बाटली गुरुजींच्या हातात दिली.

"खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. ते म्हणायची वेळ आली की तुम्ही ओठ मिटता, गुरुजी. दर रविवारी बघतो मी... तुमच्या शेजारी बसून तीही मिटते."