येसाय आणि धोंडूचा घोट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची, तुमच्या-माझ्या आज्यांच्याही आज्या परकऱ्या पोरी होत्या तेव्हाची. आमच्या आंबेघळात येसू नावाची कुंभारीण होती. तिचा कान असा तयार, की नुसती टिचकी मारून मडक्यातला न दिसणारा तडा ओळखायची, असं म्हणतात.

बऱ्याच नवसासायासांनी येसूला मुलगा झाला. दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं धोंडू. पण पोराला दूध काही गिळता येईना. अंगावर घेतलं, की दोनदा चोखायचं, ठसकायचं, आणि सगळं दूध नाकातून बाहेर.

तेव्हा गावाची एक रीत होती. पोर दूध घेईना, की शेजारणी जमायच्या. एकीनं त्याला पायांवर उताणं घ्यायचं, बाकीच्यांनी थाळ्या बडवायच्या. दचकून पोर रडलं, तोंड उघडलं, की बोंडल्यानं दूध ओतायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेली इवलीशी वाटी, आताच्या पोरींनी कुठं बघितली असणार! वाईट कुणाच्या मनात नव्हतं हो, सगळ्या मायेनंच करायच्या. एके सकाळी धोंडूचंही असंच चाललं होतं. त्या गोंगाटात लेकरू कधी गप्प झालं, कुणालाच कळलं नाही. थाळ्या वाजतच होत्या.

त्यानंतर येसू चाकाजवळ गेली नाही. नवऱ्याला एकदाच म्हणाली, "मडक्याचा तडा मला ऐकू येतो, अन् माझ्या पोराचा घसा ऐकू आला नाही." पोरगं डोळ्यांपुढून जाईना. कुणाचंही मूल रडलं, की तिचे हात आपसूक पुढं व्हायचे आणि रिकामेच मागं यायचे.

पुढच्या साली पारू लोहारणीला मुलगी झाली, ठकू. तिचंही तसंच. दूध नाकातून यायचं, ओठ निळे पडायचे. पोर वाळून काडी झाली, रडायचंही बळ उरलं नाही. पारूनं ती उचलली आणि थेट येसूच्या ओटीत घातली.

"येसूबाई, हिला तू पाज."

"नको गं बाई. माझ्या हाताला यश नाही."

"मग मरू दे तुझ्याच मांडीवर. थाळ्या मात्र वाजवू देणार नाही मी."

येसूचा जीव तुटला. फळीवर धोंडूचं बोंडलं पालथं पडलं होतं, ते तिनं खाली काढलं. पोरीला उताणं नाही घेतलं. छातीशी टेकवून बसती धरली, गालाच्या आत एकच थेंब सोडला, आणि घशाला कान लावला. घोट गेल्याचं कळल्याशिवाय दुसरा थेंब द्यायचा नाही, हे तिनं मनाशी धरलं. पण ऐकू काय येणार? शेजारी लोहाराचा घण दणदणत होता.

"पारू, दादल्याला म्हणावं घण ठेव."

घण थांबला. तसं कुणीतरी जातं थांबवलं, कुणी रहाट. कुत्री जागच्या जागी बसली. येसूनं मान वर न करता म्हटलं, "ओढा अजून बोलतोय."

आणि ओढा थांबला, असं म्हणतात. हसता काय रे! मी तरी कुठं होते तिथं? पण पाणी धोंड्यांवरच थबकलं आणि मासे होते तिथंच उभे राहिले, असं सगळे सांगतात.

मग आवाज आला. घुटुक. पार वेशीवर बसलेल्या माणसांनी ऐकला म्हणे. येसूला हुंदका आवरेना. "असाच आला असता गं माझ्या धोंड्याचा," म्हणाली, आणि रडत रडतच तिनं दुसरा थेंब सोडला. थेंबाथेंबानं दुपार कलली.

ठकू जगली. पुढं एवढी बडबडी निघाली, की सासरचे म्हणायचे, ओढा थांबवता येतो, हिला नाही! मग पंचक्रोशीतली अशी लेकरं येसूकडं येऊ लागली आणि ती सगळ्यांची येसाय झाली. सगळीच वाचली असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण थाळ्यांच्या गोंगाटात पुन्हा एकही गेलं नाही.

येसाय जाऊन किती पिढ्या झाल्या. आजही आमच्याकडं उष्टावणाला वाजंत्री नसते. मामा मांडीवर बाळाला बसतं धरतो आणि खिरीचं बोट चाटवतो. सगळा मांडव चिडीचूप. लोहार घण खाली ठेवतो, पोरं मोबाइल बंद करतात. घोट गेला, की आई मोठ्यानं सांगते, "येसाय, गेला गं!" आणि मांडव पुन्हा गप्प होतो.

परवा माझ्या लेकीच्या बाळाचं उष्टावण झालं. पुण्याच्या विहीणबाई पहिल्यांदाच आलेल्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अहो, गिळलं की बाळानं! आता कशाला गप्प बसायचं?"

मी म्हटलं, "थांबा हो जरा. धोंडूचा घोट राहिलाय."