नऊ एकांचा डोंगर

एकदा एक शिष्य धूळपाटी सांभाळत, धापा टाकत आपल्या आचार्यांपुढे येऊन उभा राहिला. त्याचं नाव त्र्यंबक. गणिताचा त्याला नुसता नाद नव्हता, वेडच होतं म्हणा ना!

“आचार्य, चमत्कार! अकराला अकराने गुणलं की एकशे एकवीस. एकशे अकराला एकशे अकराने गुणलं की बारा हजार तीनशे एकवीस. आणि आता हे पाहा, नऊ एकांची संख्या तिनेच गुणली!”

धुळीत नऊ एक मांडले होते आणि खाली उत्तर लिहिलं होतं : १२३४५६७८९८७६५४३२१.

“नवापर्यंत चढण, मग उतार! कितीही एक घ्या, असाच डोंगर उभा राहणार. हा माझा नियम!”

त्या पाठशाळेची रीत अशी, की शिष्याला सापडलेला नियम त्याच्या नावासह ओसरीच्या दगडात कोरायचा. एकदा कोरलं की चुकलं तरी पुसायचं नाही. या उतावळ्याने पाथरवटालाही सोबतच आणलं होतं.

आचार्यांनी ना शाबासकी दिली, ना चूक काढली. नऊ एकांच्या शेजारी बोटाने दहावा एक काढला, पाथरवटाला म्हणाले, “बाबा, आधी दोन घास खाऊन घे,” आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

त्र्यंबक मनातून खट्टू झाला. कौतुकाचा एक शब्द नाही! तरी त्याने गुणाकार मांडला. सातापर्यंत चढण झकास झाली. पुढे आठ गायब! थेट नऊ, मग दोन शून्यं, मग उतार : १२३४५६७९००९८७६५४३२१. पुन्हा गुणलं, तरी तेच.

आचार्य परतले तेव्हा तो रडकुंडीला आला होता. “माझा नियम मोडला, आचार्य. ही चूक माझ्या नावानिशी कायमची राहिली असती!”

“मोडला नाही, त्याची हद्द कळली,” आचार्य शांतपणे म्हणाले. “डोंगर दिसला तेव्हा तू नाचलास, पण तो कशावर उभा आहे हे विचारलं नाहीस. आता विचार.”

त्र्यंबक पाटीवर वाकला. एकांच्या ओळी पायरीपायरीने सरकवून मांडल्या. मधल्या रकान्यात पूर्वी नऊ एक यायचे, आता दहा आले होते. दहा झाले की शून्य मांडून हातचा एक डावीकडे द्यायचा. तिथल्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. त्यापलीकडच्या आठाचा नऊ झाला. आठ हरवला नव्हताच!

तो ताडकन उठला. “म्हणजे हे सगळं आपण दहा-दहाच्या गटांनी मोजतो म्हणून! बारा-बाराने मोजणारी माणसं असती, तर त्यांचा डोंगर अकरा एकांपर्यंत टिकला असता! आचार्य, गट केवढाही घ्या, डोंगर त्याहून एकाने कमी इतक्या एकांपर्यंत उभा राहणार!”

आचार्यांचे डोळे आनंदाने भरून आले. पाथरवट हात धुऊन आला तसे ते म्हणाले, “हे कोर. आणि का, तेही कोर.”

आपलेही कितीतरी ठाम समज नऊपर्यंतच तपासलेले असतात.