सकवारबाईंचा माळ

समोरच्या उतारावर, खिंडीच्या अलीकडं, ती काळी पट्टी दिसते ना, तिला आम्ही सकवारबाईंचा माळ म्हणतो. बाकीच्या डोंगरावर कमरेएवढं वाळलेलं गवत आहे, तेवढाच तुकडा जळलेला. पाहुणे हटकून विचारतात, वणवा लागला होता का? लागला होता, पण फार जुन्या काळी.

खिंडीच्या या अंगाला आमची सोनवडी, पलीकडं तळकोंड. दोन्हीकडं देशमुखांची घराणी आणि या डोंगराच्या कुरणावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. तरणी पोरं मारून मारून दोन्ही घराणी थकली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी सोयरीक ठरवली. सोनवडीची लेक सकवार तळकोंडच्या थोरल्या मुलाला, सुभानरावांना, द्यायची. त्या दोघांना कोणी विचारलं नाही. सकवारचा सख्खा भाऊ तळकोंडकरांच्या भाल्यानं गेला होता, म्हणे. आणि सुभानरावांचे चुलते रायाजीराव यांचा उजवा हात सोनवडीकरांनी तोडला होता. चैत्रात लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, पण दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं नाही, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी वरात तळकोंडाला निघाली. पुढं कुलदैवताची जळती दिवटी, मागं घोड्यावर सुभानराव, त्यामागं मेण्यात सकवार आणि मग सारं वऱ्हाड, बायकापोरांसकट. ऐन दुपारी हा उतार चढत असताना खालून धुराचा वास आला. मागं वळून बघतात तो सगळा पायथा पेटलेला. वारा पाठीमागून, गवत वाळून खडखडीत झालेलं. जाळ माणसाच्या दुप्पट उंच होऊन वर धावत होता. खिंड अजून लांब होती. घोडी उधळली, भोयांनी मेणा टाकला, बायका पोरांना पोटाशी धरून वर पळू लागल्या.

रायाजीराव ओरडले, "सोनवडीकरांनीच लावलाय हा. लेक देऊन आपल्याला जाळायला आणलं."

तेव्हा मेण्याचा पडदा सरला. मुंडावळ्या बांधलेली सकवार बाहेर आली. लहानपणापासून हा डोंगर तिनं घोड्यावरून तुडवला होता, गुराख्यांबरोबर वणवेही पाहिले होते. ती सरळ दिवटीवाल्याकडं गेली, त्याच्या हातातून दिवटी घेतली आणि सुभानरावांसमोर धरली.

"पुढचं गवत पेटवा," ती म्हणाली.

नवऱ्याशी तिनं बोललेला हा पहिला शब्द.

"पुढचं?" सुभानराव म्हणाले. "मागं जाळ आहे, पुढंही लावायचा?"

"वारा वर चाललाय. आपण लावलेला जाळ आपल्यापासून लांब पळेल. तो जळून गेला की त्या राखेत उभं राहायचं. मागच्या जाळाला तिथं खायला काही उरणार नाही. पण वर पळालेल्यांना आधी माघारी बोलवा."

रायाजीराव मध्ये आले. "सुभाना, वैऱ्याच्या लेकीचं ऐकून घरची माणसं आगीत घालशील?"

जाळाचा आवाज आता ढोलांसारखा जवळ आला होता. सुभानरावांनी पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडं पाहिलं, असं सांगतात. दिवटी तिनं खाली घेतली नव्हती. त्यांनी हाळी घालून वर पळालेली माणसं मागं फिरवली. शेवटची बाई येऊन पोचताच त्यांनी दिवटी घेतली आणि वाकून गवताला लावली.

जाळ फर्रकन वर गेला. त्याच्यामागं काळी जमीन उघडी पडत गेली. "चला आत," म्हणत सकवारनं दोन पोरं काखोटीला मारली आणि धुमसत्या राखेत पाय टाकला. सुभानरावांनी अजून अडून राहिलेल्या एकहाती चुलत्याला पाठीवर घेतलं. साऱ्यांनी शेले, पदर तोंडावर धरले. पाय पोळले, शालू करपले. वणवा राखेच्या कडेशी आला, तिथं घुटमळला, मग दोन बाजूंनी फुटून निघून गेला. वऱ्हाडातलं एकही माणूस दगावलं नाही.

वणवा कोणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि रायाजीरावांनी कोणाला ते विचारूही दिलं नाही.

मग सुभानरावांनी सकवारला विचारलं, म्हणे, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली," ती म्हणाली. "तुम्ही पेटवणार नाही, याची."

सुभानराव मोठ्यानं हसले. काजळीनं काळं झालेलं त्यांचं तोंड पाहून तीही हसली. मेणा जळून गेला होता. दोघं पायीच खिंड चढून तळकोंडात शिरले, पोळलेल्या पायांनी, एकमेकांच्या आधारानं.

आजही दोन्ही गावांत लग्न झालं, की चैत्रात नवी जोडपी या माळावर येतात. वनखात्याची माणसं पाण्याचे पंप घेऊन उभी असतात, ढोल वाजत असतात. नवरी दिवटी पुढं करते आणि एकच शब्द बोलते, "पेटवा." नवऱ्यानं ‘का?’ असं विचारायचं नाही. गेल्या वर्षी पुण्याचा एक जावई विचारून बसला, तर तळकोंडच्या म्हाताऱ्यांनी त्याला, सुभानरावांनी चुलत्याला उचललं होतं तसं, एकेका आजोबाला पाठीवर घेऊन खिंडीपर्यंत चढायला लावलं. त्याची बायको शेजारून चालत होती, हसू आवरत.