भुकेलं पाणी आणि नेचापरी

खाडीकाठी, जिथे लाल जांभ्याची टेकडी पाण्यात पाय सोडून बसली आहे, तिथे एका इवल्याशा घरात सुरंगी राहत होती. घरात आई होती आणि लहान भाऊ बाबलो होता. वडील दूर बोटीवर कामाला होते आणि सणासुदीलाच घरी येत. आई दुसऱ्यांचे कपडे धुवून घर चालवी.

घरामागे विहीर होती. तिचं पाणी काचेसारखं नितळ, पण स्वभावानं फार वाईट. जिभेवर टेकवलं की आंबट लागे. त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस म्हणून येत नसे. नुसती पांढरी चिकट साय कपड्यांवर बसे. घासून घासून आईचे हात फाटले होते.

पाणी वाईट, म्हणून आईनं त्यावर एक उपाय धरला होता. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, असं सगळेच म्हणत. आईकडे तिच्या माहेरचा तांब्याचा हंडा होता. रोज संध्याकाळी ती तो आमसुलानं घासून लखलखीत करी, विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवी आणि सकाळी पहिला पेला बाबलोला देई.

"पी रे माझ्या सोन्या. तांब्यातला पाणी चांगला असता," ती म्हणे.

बाबलो पेला बघूनच तोंड फिरवी. तरी आईसाठी पिई, आणि थोड्या वेळानं पोट धरून कण्हत बसे. मग उलटी होई. त्याचे गाल आत गेले होते, आणि हल्ली तो अंगणात खेळायलाही उठत नसे. आई घाबरली की हंडा आणखी घाशी. दुसरं काय करावं ते तिला माहीत नव्हतं.

म्हणून सुरंगी टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जाई. उन्हाळ्यात झरा नुसता ठिबके. सकाळभर बसलं तर एक तांब्या गोड पाणी मिळे, आणि ते फक्त बाबलोसाठी असे.

एका दुपारी ती तांब्या सांभाळत विहिरीपाशी आली, तर धुण्याच्या दगडावर काहीतरी चमचमताना दिसलं. आधी तिला वाटलं चतुर आहे. पण चतुराला हिरवा झगा नसतो, आणि चतुर रागावून पाय आपटत नाही.

ती करंगळीएवढी परी होती. तिचे गुलाबी-निळे चिमुकले पंख साबणाच्या सायीत चिकटून बसले होते.

"बघतेस काय?" परी म्हणाली. "विहिरीतल्या नेच्यांत राहते मी. जरा उन्हाला म्हणून वर आले, तर हे! या विहिरीच्या पाण्यानं धुतलं तर आणखीच चिकटतं."

सुरंगीनं हातातल्या तांब्याकडे पाहिलं. बाबलोची तहान तिला आठवली. पण परीचे पंख थरथरत होते. तिनं अर्धं पाणी हळूहळू, थेंबथेंब करून त्या पंखांवर सोडलं. साय सुटली. पंख असे फुलले, की विहिरीच्या कठड्यावर सोनेरी, जांभळ्या, मोरपंखी रंगांची बारीक नक्षी नाचायला लागली.

"अर्धं पाणी कुणासाठी राखलंस?" परीनं विचारलं. आता तिचा आवाज मऊ झाला होता.

"बाबलोक. माझो भाऊ असा. आजारी असा."

"मग दोन इच्छा माग. पण नियम ऐक. माझी जादू पाण्यावर चालते, माणसांवर नाही. एकदा मागितलेलं परत घेता येत नाही. आणि माझ्या पाण्याचा पहिला घोट कुणी प्यायलं की मला जावं लागतं."

"बाबलो बरो होऊंदे," सुरंगी घाईनं म्हणाली.

परीनं मान हलवली. "तो माणूस आहे. माझा नियम मला मोडता येत नाही."

सुरंगीचे डोळे भरून आले. तिनं नाक पुसलं आणि थोडा विचार केला. "मग तो कशान आजारी पडता, ता माका दाखय."

परीनं टाळी वाजवली. सुरंगीला स्वयंपाकघरातला हंडा समोर असल्यासारखा दिसू लागला. आतलं पाणी तांब्याला बारीक बारीक कुरतडत होतं. त्याचे हिरवट कण पाण्यात तरंगत होते आणि पेल्यात उतरत होते.

"तुमचं पाणी भुकेलं आहे," परी म्हणाली. "आंबट पाणी हाताला लागेल ते खातं. हंडा घासून लख्ख केला, की त्याला ताजं तांबं मिळतं. तेच बाबलोच्या पोटात जातं."

सुरंगी घराकडे धावत सुटली. आईला हे सांगायचं कसं, ते तिला कळत नव्हतं, तरी ती थांबली नाही. आई तेव्हाही हंडाच घाशीत होती.

सुरंगीनं सगळं सांगितलं. आईच्या हातातलं आमसूल गळून पडलं.

"म्हणजे मीच पाजलंय त्याका?" ती म्हणाली, आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

"आये, रडा नको. तुका ठावक नव्हता." सुरंगीनं तिच्या फाटलेल्या हातांवर आपले हात ठेवले. "चल, परी वाट बघता."

आईनं डोळे पुसले. हंड्यातलं पाणी तिनं परसात ओतून टाकलं, हंडा पुसून कोरडा केला आणि त्यात तांदूळ भरून ठेवले. मग बाबलोला कडेवर घेऊन ती विहिरीवर आली.

"दुसरी इच्छा?" परीनं विचारलं.

"आमच्या पाण्याची भूक भागय."

"भागवते. पण नीट ऐक. त्याला शिंपले खायला द्यावे लागतील. ते पोटभर खाल्ले की पाण्याचा आंबटपणा जाईल, पण पाणी आणखी जड होईल. साबण आणखी रुसेल. एकच इच्छा उरली आहे. भूक भागवू, की पाणी मऊ करू?"

सुरंगीनं आईच्या हातांकडे पाहिलं.

आईच म्हणाली, "माझे हात ऱ्हवांदेत. माझ्या झिलाचा, बाबलोचा आधी बघ."

खाडीच्या काठावर शिंपल्यांचे ढीगच होते. मायलेकींनी ते धुतले, कुटले, तळाला भोक असलेल्या मडक्यात भरले आणि ते मडकं दुसऱ्या मडक्यावर ठेवलं. सुरंगीनं वरून विहिरीचं पाणी ओतलं. परीनं फुंकर घातली, आणि शिंपल्यांचा चुरा मोतिया रंगानं झळाळून उठला. खालच्या मडक्यात पाणी टपटप पडू लागलं. सुरंगीनं बोट बुडवून चाखलं. आंबटपणा नावालाही नव्हता.

"शिंपले झिजत जातील. संपत आले की नवे भरायचे. तेवढं काम तुमचं," परी म्हणाली. "माझ्या इच्छा संपल्या."

आईनं परीला हात जोडले. सुरंगीनंही जोडले. तिसरं काही मिळेल का, असं दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. परी मात्र जागची हलली नाही. तिनं उगाच आपला झगा सारखा केला.

"माझे पंख धुतलेस तेव्हा मी काही द्यायचं कबूल केलं होतं का?"

"नाय," सुरंगी म्हणाली.

"मग मीही न मागता काही देते. हे पाणी चुलीवर खळखळून उकळा, निवू द्या आणि फडक्यातून गाळा."

विहिरीपाशीच चूल पेटली. पाणी उकळलं, निवलं, आणि मडक्याच्या तळाशी जडपणा पांढऱ्या भुकटीसारखा बसला. गाळलेल्या पाण्यात आईनं साबणाची वडी भीतभीत बुडवली. हातावर फेस आला! पांढराशुभ्र, भुसभुशीत, इंद्रधनुषी फुग्यांचा फेस. आई लहान मुलीसारखी हसली.

मग तिनं हात धुतले आणि बाबलोसाठी पेला भरला. या वेळी 'पी रे' म्हणायची तिला हिंमत होईना. तिनं पेला नुसता पुढे धरला.

बाबलोनं पाण्याचा वास घेतला. एक घोट घेतला.

त्याबरोबर परीचे पंख उजळले. केशरी, गुलाबी, मग चांदीसारखा पांढरा असा उजेड नेच्यांवरून, कठड्यावरून, साऱ्या परसातून पसरला. त्यात परी विरून गेली. सुरंगीनं हात हलवून तिला निरोप दिला.

आईनं मात्र त्यातलं काहीच पाहिलं नाही. तिचे डोळे पेल्यावर होते. पेला रिकामा झाला होता, आणि बाबलो तो तिच्यापुढे धरून म्हणत होता, "आये, माका आणखी होया."